अहवालातला ऊस आणि सरीतला ऊस



येत्या आडसाली लागणीपासून प्रत्येक गट ऑफिसच्या बाहेरच्या भिंतीवर बेणेमळ्यांचा एक तक्ता लागणार आहे. कोणाच्या शेतात किती गुंठे बेणे आहे, ते कोणत्या तारखेला जमिनीत गेले, उगवण किती झाली, कोणते काम राहिले आणि ते कशामुळे राहिले, एवढेच त्यावर असेल. राहिलेले काम तांबड्या शाईने लिहिले जाईल. ही बातमी दोन-तीन गटांत पोचली तेव्हा काही सभासदांनी आम्हांला वाटेत थांबवून विचारले, "साहेब, आमच्या शेतातलं राहिलेलं काम चारचौघांत भिंतीवर कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर २०१७-१८ सालची हकिगत सांगावी लागते. त्या हकिगतीत चूक आहे. ती मुख्यतः आमच्या शेतकी विभागाची, म्हणजे आमचीच. थोडीशी आपलीही आहे, पण ते पुढे येईल.

२०१५ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१६ चा उन्हाळा आपण सर्वांनी कसा काढला ते सांगायला नको. उभा ऊस छावण्यांत जनावरांपुढे गेला. जो राहिला तो खोडवा, निडवा, त्याच्याही पुढचा. बेणे म्हणून तोडावे असा फड शोधायला गटागटांतून फिरावे लागत होते. २०१६ चा पाऊस चांगला झाला आणि संचालक मंडळाने ठरवले की आता बेणे मुळापासून बदलायचे. को ८६०३२ ही जात पाडेगावने १९९६ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित केली. जात चांगली, पण आपल्याकडे तेच ते बेणे फिरून फिरून इतके शिळे झाले होते की काही फडांत काणीचे चाबूक आणि गवताळ वाढीची बेटे सर्रास दिसू लागली होती. म्हणून त्रिस्तरीय बेणेमळ्याची योजना आखली.

ही योजना कशी चालते ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. संशोधन केंद्राकडून मूलभूत बेणे आणायचे आणि ते कारखान्याच्या फार्मवर लावायचे. त्यातून निघेल ते पायाभूत बेणे. ते निवडक सभासदांच्या शेतात लावायचे. त्यातून निघेल ते प्रमाणित बेणे, आणि ते सर्व सभासदांना लागणीसाठी द्यायचे. एक एकर बेण्यात साधारण आठ ते दहा एकर लागण होते. तेव्हा फार्मवर चार एकर असेल तर सभासदांकडे छत्तीस एकर, आणि छत्तीस एकरांतून तीनशे एकर. कागदावर हिशेब फार सुरेख दिसतो. अडचण अशी की बेण्याचा ऊस नऊ ते अकरा महिन्यांचाच हवा. लहान असेल तर कांड्या कमी, डोळे कोवळे, टिपरी जमिनीत कुजते. जून असेल तर डोळे निबर होतात आणि उगवण खालावते. म्हणजे आडसालीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये बेणे हवे असेल, तर बेणेमळ्याची लागण आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरातच झाली पाहिजे. इथे दोन महिने हुकले की ते पुढे कुठे भरून काढता येत नाहीत. खताचा हप्ता उशिरा दिला तर ऊस थोडा मागे पडतो, एवढेच. लागणीचा महिना गेला की बेणेमळ्याचे ते वर्षच गेले.

मूलभूत बेणे आम्ही सप्टेंबर २०१६ मध्ये फार्मवर लावले. काम झकास झाले. त्याची उगवण पाहायला संचालक मंडळ फार्मवर आले होते, फोटोही निघाला. ऑगस्ट २०१७ मध्ये निवडलेल्या सभासदांना बेण्याच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी दाखवायची, फार्मवरून बेणे उचलायचे, लावायचे. ३० सप्टेंबरपर्यंत लागण करणाऱ्याला एकरी अनुदान होते.

ऑक्टोबरच्या सभेसमोर आमच्या विभागाचा मासिक अहवाल गेला. पायाभूत बेणेमळे : उद्दिष्ट ३६ एकर, साध्य ३४ एकर, टक्केवारी ९४. सभेत कोणी काही विचारले नाही. चौऱ्याण्णव टक्क्यांवर काय विचारणार? आम्हीही चहा घेऊन बाहेर आलो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, प्रत्येक अहवालात तीच ओळ होती, फक्त महिन्याचे नाव बदलत होते. साध्य झालेल्या कामाकडे परत पाहण्याची आमच्यात रीतच नव्हती.

जुलै २०१८ च्या पहिल्या आठवड्यात पहिल्या बेणेमळ्याची तोड सुरू केली. तिथे कसलीच तक्रार नव्हती. दुसरा, तिसराही ठीक. चौथ्या ठिकाणी आमच्याबरोबर एक जुने सभासद होते. सगळा गट त्यांना आबा म्हणतो, आम्हीही आबाच म्हणतो. त्यांना त्याच मळ्यातले दीड एकराचे बेणे जायचे होते. नोंदीला लागणीची तारीख होती ५ सप्टेंबर २०१७, अनंत चतुर्दशीची. आबा बांधावरून सरीत उतरले, एक ऊस मोडला, पाचट सोलले आणि बोटाने कांड्या मोजू लागले. दहापर्यंत गेले आणि शेंडा आला. दुसरा मोडला. नऊ.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यो काय गणपतीतला ऊस न्हवं. दिवाळी होऊन गेल्यावरचा हाय."

आम्ही काहीतरी बोललो. पाणी कमी पडलं असेल, खत लागलं नसेल. आबांनी आमच्याकडे पाहिले आणि ऊस बांधावर ठेवला. पाणी कमी पडले तर कांडी आखूड होते. कांड्यांची संख्या एवढी घटत नाही. एवढे तर आम्हीच शेतकरी मेळाव्यांतून पंधरा वर्षे सांगत आलो होतो!

त्या दिवशी दुपारी आम्ही फार्मवर गेलो आणि बेणे उचलीची वही मागितली. वजनकाट्याच्या पावतीवरून फार्मचा कारकून ती रोज लिहितो. त्या मळ्याचे बेणे फार्मवरून उचलले गेले होते २२ नोव्हेंबरला. पानामागून पाने उलटली. ३४ एकरांपैकी २१ एकरांचे बेणे सप्टेंबरअखेर उचलले होते. उरलेल्या १३ एकरांचे नोव्हेंबर-डिसेंबरात. तोवर फार्मवरचा ऊसही चौदा महिन्यांचा झाला होता, म्हणजे दोन्हीकडून मार. आणि यातली खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की ती वही आणि तो मासिक अहवाल दर महिन्याला आमच्याच टेबलावर येत होते. दोन्हींवर आमची सही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असे आम्हांला दहा महिन्यांत एकदाही सुचले नाही.

परिणाम आपल्याला माहीत आहे. तीनशे एकरांचे बेणे देऊ म्हणून सांगितले होते, ते जेमतेम पावणेदोनशे एकरांना पुरले. ज्यांनी आमच्या भरवशावर रान तयार करून, सऱ्या सोडून ठेवल्या होत्या, त्यांनी आयत्या वेळी मिळेल तिथून बेणे आणले. कोणी पाहुण्याच्या खोडव्यातून, कोणी शेजारच्या तालुक्यातून टेम्पो भरून. त्या फडांत पुढच्या वर्षी काणी किती निघाली ते ज्यांनी चाबूक पोत्यात घालून जाळले त्यांना विचारावे. २०१८ च्या पावसानेही पुढे दगा दिला, ऑक्टोबरअखेर राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. पण त्या दुष्काळाआड लपायचा आमचा विचार नाही. बेण्याचा खड्डा पावसाआधीच पडलेला होता.

आता हे झाले कसे? आमचा पहिला संशय अर्थातच चिटबॉयवर आणि ओव्हरसियरवर गेला. त्यांना बोलावून घेतले आणि दार लावून बसलो. जे बाहेर आले त्याने आमचाच आवाज खाली आला.

अहवालात जे ३४ एकर होते ते लावलेल्या बेण्याचे नव्हतेच. ते दिलेल्या चिठ्ठ्यांचे होते. सभासदाने चिठ्ठी नेली की काम झाले असे धरले जात होते. सोयाबीन उभे होते, मका काढायचा होता, म्हणून कित्येकांनी बेणे उशिरा उचलले. उशिरा लावले तर अनुदान जाते, म्हणून सभासद म्हणाला, "तारीख सप्टेंबरचीच टाका." चिटबॉयनेही टाकली, गावात राहायचे असते त्याला. ओव्हरसियरने पाहिले की चिठ्ठी ऑगस्टची आहे, तारीख सप्टेंबरची आहे, जुळते. त्याने सही केली. आम्ही बेरीज केली. शेवटी सभेपुढे ९४ टक्के. या साखळीत कोणी पैसे खाल्ले नाहीत. कोणाच्या मनात कपटही नव्हते. प्रत्येकाने आपल्यापुरती बोट-बोटभर सोय पाहिली, आणि तेरा एकर बुडाले.

एक चिटबॉय मात्र गप्प बसून होता. वय पंचविशीतले असेल. शेवटी त्याला विचारले, तू तरी का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "साहेब, ऑगस्टमध्ये मी खरंच शून्य लिहिलं होतं. माझ्या गटात एकानंही लावलं नव्हतं. तुम्ही मला मीटिंगमध्ये उभं केलंत. सगळ्यांसमोर म्हणालात, दुसऱ्या गटांत होतंय ते तुझ्याच गटात का होत नाही. पुढच्या महिन्यापासून मी शून्य लिहायचं बंद केलं."

आम्हांला ती मीटिंग आठवत होती. बाकीच्या गटांतही तेव्हा फारसे लागलेले नव्हतेच, हे आता वहीवरून कळत होते. ज्या एकाने खरे लिहिले त्यालाच आम्ही उभे केले होते.

या घटनेनंतर आम्ही काही दिवस कारखान्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसू लागलो. शेतकी ऑफिसातल्या माणसाला इंजिनिअरिंग खात्यात सहसा काम पडत नाही. पण ऑफ सिझनला मिल, बॉयलर, टर्बाइन सगळे उघडून दुरुस्त करून ठरल्या दिवशी मोळी टाकायची म्हणजे ती लोकं वेळेचा हिशेब कसा ठेवतात, हे पाहायचे होते. चीफ इंजिनिअरांच्या खोलीत भिंतभर कागद होता. डावीकडे कामांची नावे, वर आठवडे, आणि प्रत्येक कामापुढे आडवी पट्टी. ठरवलेली पट्टी एका रंगात, झालेली दुसऱ्या. ही युक्ती हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. ते १९१९ साली वारले, म्हणजे युक्ती शंभर वर्षांच्या वरची. पुढे १९५८ च्या सुमारास अमेरिकन आरमाराने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' म्हणून आणखी एक पद्धत काढली. तिच्यात कोणते काम संपल्याशिवाय कोणते सुरू होत नाही याची जाळी काढतात आणि ज्या कामाला सवडच नाही त्यावर डोळा ठेवतात. आमच्या कृषी पदविकेच्या अभ्यासात यातले काही नव्हते. पण जाळी पाहिल्यावर वाटले, आडसालीचे बेणे म्हणजे हेच की! सवड नसलेले एकच काम, आणि ते आम्ही ३६ एकरांच्या सरासरीत बुडवून टाकले होते.

आम्ही त्यांना सहज विचारले, बॉयलरचे काम किती टक्के झाले. ते म्हणाले, "टक्के कसले सांगू? ट्यूबा बदलून झाल्यात. पाण्याच्या दाबाची चाचणी व्हायचीय. बॉयलर दाब धरतो का नाही, एवढंच मला माहिती पाहिजे. आणि ते मी सांगून चालत नाही, बाष्पके निरीक्षकानं येऊन बघावं लागतं."

ते सहज बोलून गेले, पण आम्हांला ते लागले. बॉयलर दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या कामाला पास करत नाही. आमच्याकडे मात्र लागण करून घेणारा, तारीख लिहिणारा आणि काम झाले म्हणणारा एकच माणूस होता.

टक्केवारीचा विषय निघाला आहे तर एक जुनी आठवण सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रात कामाला होतो. नदीकाठी जॅकवेल बांधून तयार, पंप बसलेले, पाईपलाईन सगळी गाडलेली. फक्त मोठ्या रस्त्याखालून जाणारा काही फुटांचा तुकडा राहिला होता, कारण रस्त्याच्या खात्याची परवानगी आली नव्हती. अहवालात काम ९७ टक्के. हिशेब चुकीचा नव्हता, लांबी मोजली तर तेवढीच होत होती. शेतकऱ्यांनी त्या ९७ टक्क्यांकडे बघून कर्ज काढून रान सपाट केले. पाणी आले सव्वा वर्षाने. तोपर्यंत रस्त्याच्या पलीकडच्या शेताच्या दृष्टीने काम शून्य टक्केच होते. किती झाले हे विचारणाऱ्याला ९७ हे उत्तर मिळते. काय राहिले आणि ते कोणामुळे, असे विचारले असते तर एकाच ओळीत उत्तर होते, आणि त्या ओळीच्या मागे लागता आले असते.

तेव्हा २०१९ पासून आम्ही आमचा अहवाल बदलला. तो एकदम जमला असे मात्र नाही. पहिल्या उत्साहात आम्ही बावीस रकान्यांचा नमुना काढला. मातीचा प्रकार, सरीचे अंतर, बेणेप्रक्रियेचे औषध, ठिबक आहे की पाट, सगळे. दोन महिन्यांत तो ऑफिसात बसून भरला जाऊ लागला. अक्षर एकच, शाई एकच, सगळ्या शेतांची उगवण एकसारखी! बावीस रकाने शेतात उभे राहून उन्हात भरायला कोणाला सांगणार? ते रद्द करून पाच ठेवले : बेणे उचलल्याची तारीख काट्याच्या पावतीवरून, लागणीची तारीख डोळ्यांनी पाहून, दीड महिन्याची उगवण, राहिलेले काम, आणि अडचण. चिठ्ठ्या किती दिल्या हा आकडा अहवालातून काढूनच टाकला. तो आकडा खोटा नाही. पण चिठ्ठीला मुळे फुटत नाहीत.

बेणेमळ्याच्या तीन तपासण्या ठरलेल्याच आहेत : लागणीनंतर ४५ ते ६० दिवसांत पहिली, १२० ते १३० दिवसांनी दुसरी, आणि तोडीच्या पंधरा दिवस आधी तिसरी. पूर्वी त्या ज्याच्या त्याच्या गटातला ओव्हरसियरच करी. आता पहिली तपासणी दुसऱ्या गटाचा ओव्हरसियर करतो. सुरुवातीला कुरबूर झाली. आपसांत विश्वास नाही काय, असे आम्हांला विचारले गेले. विश्वास आहे, पण बॉयलरही विश्वासातल्याच माणसाने दुरुस्त केलेला असतो. आणि शून्य लिहिणाऱ्याला मीटिंगमध्ये उभे करायचे नाही, हे आम्ही स्वतःला घालून घेतले. आता मीटिंगची सुरुवात तांबड्या नोंदींपासून होते आणि पहिला प्रश्न असतो, यात आम्ही काय करू. कोणाला ट्रॅक्टर हवा असतो, कोणाचे रोहित्र जळालेले असते, कोणाच्या रानात दुसऱ्याचे पीक असते. निम्म्या अडचणी दोन फोनमध्ये सुटतात. उरलेल्या सुटत नाहीत, पण निदान त्या ऑगस्टमध्येच कळतात आणि ते बेणे दुसऱ्या सभासदाला देता येते. आमचा तोल कधीच जात नाही असे म्हणणार नाही. मागच्या वर्षी एकदा गेलाच. तो मुलगा, जो तेव्हा चिटबॉय होता आणि आता शेती मदतनीस आहे, त्याने टेबलाखालून आमचा पाय दाबला.

२०२० साली टाळेबंदीत शेतावर जाणे बंद झाले आणि नोंदी फोनवरून घ्याव्या लागल्या. दोन महिन्यांत सगळीकडे पुन्हा "झालंय, झालंय" सुरू. त्यातले किती झाले होते ते नंतर पाहिले. पुष्कळ ठिकाणी झालेले होते, काही ठिकाणी नव्हते. आता मोबाईलवर शेताच्या चार कोपऱ्यांची नोंद होते, फोटो निघतो, त्यामुळे क्षेत्र फुगवणे जवळपास थांबले आहे. तथापि फोटोत ऊस दिसतो, ऊस लावल्याचा दिवस दिसत नाही. आणि इथेच आता सभासदांकडे वळायचे आहे.

बेणेमळ्याचे सोडा, साध्या लागणीच्या नोंदीतही तारीख मागे ओढायची आपली जुनी सवय आहे. कारण उघड आहे. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर बसतो. पंधरा-वीस दिवस आधीची तारीख लावली की टोळी आधी येते, रान मोकळे होते, गव्हाला किंवा खोडव्याला वेळ मिळतो. आम्ही सभासदांना दोष देत नाही. तोड लांबली की उसाचे काय होते, मुकादमाच्या किती मिनतवाऱ्या कराव्या लागतात, ते आम्ही रोज बघतो. पण दहा जणांनी तारखा मागे ओढल्या की अकराव्याचा खरोखर आधीचा, पक्व झालेला ऊस मागे राहतो आणि कोवळा ऊस गव्हाणीत येतो. कोवळ्या उसात साखर कमी. उताऱ्याचा आकडा कोणा एकाच्या उसाचा नसतो, संपूर्ण कारखान्याचा असतो आणि एफआरपी त्यावरच बसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये धरले. त्यात दर ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे वर किंवा खाली. एका सभासदाच्या नोंदवहीतल्या पंधरा दिवसांचा पैसा अशा रीतीने सगळ्यांच्या बिलातून जातो. ज्याने खरी तारीख दिली त्याच्याही.

गेल्या हंगामाअखेर आम्ही दोन गटांत पडताळणी केली. काट्यावर आलेला ऊस आणि नोंदीची तारीख यांचा मेळ घातला, शंका आली तिथे आबांच्या पद्धतीने कांड्या मोजल्या. काय निघाले याचा आकडा छापत नाही, कारण दोन गटांवरून सगळ्या कारखान्याचे माप काढणे बरोबर नाही. मात्र ज्यांच्या तारखा फार पुढेमागे होत्या त्यांना एकेकट्याने भेटलो. बहुतेकांनी हसून कबूल केले. एकाने उलट विचारले, "माझी खरी लिहिली आणि शेजाऱ्याची खोटीच राहिली तर?" त्याला आम्हांला उत्तर देता आले नाही.

तक्ता भिंतीवर आणण्यामागे तो प्रश्न आहे. ऑफिसातल्या कपाटात शेजाऱ्याची तारीख दिसत नाही. भिंतीवर दिसते. आपल्या बांधाला बांध लागून असलेल्या शेतात सरी कधी ओली झाली हे शेजाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? आमचे सगळे ओव्हरसियर मिळून जेवढी शेते बघतात त्याच्या कितीतरी पट डोळे गावात आहेत. सध्या फक्त बेणेमळ्यांचा तक्ता लावत आहोत. तो नीट चालला तर पुढच्या वर्षी संपूर्ण आडसालीच्या नोंदी अशाच लावाव्यात असा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवू. आणि चारचौघांत लाज वाटेल म्हणाल तर, तक्त्याच्या पहिल्या ओळीत फार्मची नोंद आहे, म्हणजे आमच्याच विभागाची. तिथे या घडीला तांबड्या शाईत लिहिलेले आहे : 'अडीच एकरांतील नांग्या भरणे बाकी, रोपे कमी पडली, जबाबदारी ऊस विकास अधिकारी.'

तक्ता दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलला जाईल. आपल्या शेताची तारीख किंवा क्षेत्र चुकीचे दिसल्यास गट ऑफिसात लेखी द्यावे. त्यासाठी कोरे कागद व पेन खिडकीत ठेवले जातील. दुसऱ्याच्या नोंदीबद्दल शंका असेल तरी द्यावी, पण सही करून; निनावी चिठ्ठीवर तपासणी होणार नाही. बेणेमळ्याची पहिली तपासणी ज्या दिवशी असेल तो दिवस आठ दिवस आधी तक्त्यावर लिहिला जाईल. त्या दिवशी सभासदाने स्वतः शेतावर हजर राहावे आणि उगवण आमच्या माणसाबरोबर मोजावी. बेणे उचलताना काट्याची पावती जपून ठेवावी. लागणीच्या तारखेबाबत वाद झाला तर तीच धरली जाईल.

अनुदानाची मुदतही या वर्षीपासून बदलली आहे. ती आता ठरावीक तारखेची नाही. बेणे उचलल्यापासून चार दिवसांत लागण केली की अनुदान मिळेल. मात्र बेणेमळ्यासाठी बेणे सप्टेंबरअखेरपर्यंतच दिले जाईल. रान तोवर मोकळे होणार नसेल तर चिठ्ठी घेऊ नये, किंवा घेतलेली परत करावी. चिठ्ठी परत करणाऱ्याचे नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून कापले जाणार नाही.